मदत हवी आहे: थॅलेसेमिया आणि हेपेटायटिस सीचा रिपोर्ट

नमस्कार मंडळी, आम्ही नागपूरला मानेवाड्याला राहतो. मुलगा 14 वर्षांचा, थॅलेसेमिया मेजर (अंगात पुरेसं हिमोग्लोबिन न बनण्याचा आनुवंशिक आजार), दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. परवाच्या तपासणीत अँटी-एचसीव्ही (हेपेटायटिस सीच्या विषाणूविरुद्धची अँटीबॉडी) 'रिॲक्टिव्ह', म्हणजे पॉझिटिव्ह आलं. लाल शाईतला तो शब्द त्यानेच आधी वाचला. "आई, म्हणजे मला कावीळ झाली का?" मला उत्तरच सुचलं नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, अँटीबॉडी म्हणजे विषाणूशी कधीतरी गाठ पडल्याची खूण. तो आज अंगात आहे का, हे एचसीव्ही आरएनए, म्हणजे रक्तात थेट विषाणू शोधणाऱ्या तपासणीवरूनच कळतं. ही तपासणी सरकारच्या राष्ट्रीय हेपेटायटिस नियंत्रण कार्यक्रमात मोफत होते म्हणतात. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत कोणी करून घेतली आहे का? कुठल्या खिडकीवर जायचं, रिपोर्टला किती दिवस लागतात?

दुसरं, हेपेटायटिस बीची लस लहानपणी पूर्ण झाली, तरी अँटी-एचबीएस (लसीमुळे तयार झालेलं संरक्षण मोजणारी तपासणी) 8 आलंय, म्हणजे संरक्षणासाठी लागणाऱ्या 10 च्या खाली. बूस्टर कोणाच्या मुलांना दिला?

फेरिटिनही (सारखं रक्त चढवून अंगात साठणाऱ्या लोहाचं माप) वाढलेलं आहे, म्हणून एसजीपीटी (यकृताला त्रास झाल्याचं दाखवणारी तपासणी) लोहामुळे वाढलं की विषाणूमुळे, हाही घोर आहे. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असलेल्या मुलांना हेपेटायटिस सीवरच्या सोफोसबुवीरच्या गोळ्या चालू असतील, तर त्या पालकांनी कृपया लिहा. पुढचं रक्त सोमवारी आहे.