टीव्हीवर कॉमेडी करायचीय, पण ऐनवेळी सुचत नाही

सोलापुरात कॉलेजच्या एकांकिका करते, लोकं हसतात, पण समोरचा डायलॉग विसरला की मी पण गार. टीव्हीवरच्या 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'तल्या नम्रता संभेराव वगैरे कसं काय करतात ओ?

प्रतिसाद १: स्किट लिहिलेलं असतंय ताई. पण समोरच्याचं नीट ऐकलं तरच जागेवर सुचतंय, तू स्वतःच्या पुढच्या वाक्याची वाट बघत बसत असशील, तिथंच घोळ होतो बघ.

प्रतिसाद २: निर्मिती सावंतांची टीव्ही मालिकेतली गंगूबाई बघ. नुसतं हेल काढून बोलल्या तरी हशा. आधी नाटक, मग टीव्ही. हास्यजत्रेतलीच वनिता खरात तर २०१९ च्या 'कबीर सिंग'मध्ये कामवाली होती, ग्लास फुटतो न शाहीद तिच्या मागं पळतो, एवढंच, तरी लक्षात राहिली.

प्रतिसाद ३: हुतात्मा स्मृती मंदिरात नाटक लागलं की पुढच्या रांगेत बस, लाफ्टर आला की नट किती थांबतो ते बघ. रीलवर ते कळत नसतंय.