नांदायला येण्याच्या दाव्याची नोटीस आली आहे, ताईसाठी वकील निवडायला मदत हवी (परभणी / बीड)

नमस्कार. आम्ही सेलूचे, जिल्हा परभणी. माझी ताई गेल्या दिवाळीपासून माहेरी आहे, सोबत तिची चार वर्षांची मुलगी. दाजींच्या दारूपायी ती आली. दोन्हीकडच्या पाव्हण्यांनी बैठका घेतल्या. दाजींनी भरबैठकीत शब्द दिला आणि आठ दिवसांत मोडला. आता बीडच्या कोर्टातून नोटीस आली आहे, हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली, बायकोनं नांदायला यावं म्हणून. ताईला परत जायचं नाही. तिला फारकत हवी आहे, मुलगी स्वतःजवळ हवी आहे आणि मुलीच्या शिक्षणापुरती तरी पोटगी.

गाडी अडली आहे ती वकिलापाशी. आपल्याकडे चांगला म्हणून जो वकील सुचवावा तो कुठून तरी दोन्ही घरांचा सोयरा निघतो. आम्हाला पहिलं नाव सांगितलं गेलं ते असंच, दाजींच्या चुलत्यांच्या रोजच्या उठबशीतलं. माणूस चांगला असेलही, पण ताईनं मन मोकळं केलं आणि ते संध्याकाळी तिकडे पोचलं तर?

मग दुसऱ्या वकिलांकडे गेलो. नोटीस वाचायच्या आधीच त्यांनी मुन्शीला वकीलपत्र काढायला लावलं. सगळे प्रश्न मला. ताई शेजारीच बसलेली, लेक तिच्या मांडीवर पेनाच्या टोपणाशी खेळतेय, आणि मुलगी किती वर्षांची एवढंही कुणी विचारलं नाही. वर म्हणाले, आधी पोलिसांत हुंड्याची केस टाकू, सासू-सासऱ्यांची नावं घालू, मग बघा कसे वठणीवर येतात. ताई तिथंच बोलली, "सासूबाईंनी मला कधी त्रास दिला नाही. हुंडा कुणी मागितला नाही. मी खोटं लिहून देणार नाही." मला तिचा फार अभिमान वाटला. सही न करता उठलो.

तर विचारायचं असं, की बीडचाच वकील करावा का परभणीचा? ताईचा स्वतःचा अर्ज ती राहते त्या भागातल्या कोर्टात करता येतो असं वाचलं. मग बीडचा दावा इकडे वर्ग करून घेता येईल का? लहान मुलीला घेऊन पाथरी, माजलगाव करत दर तारखेला बीड गाठणं ताईला झेपणारं नाही. छत्रपती संभाजीनगरचा मोठा वकील करा असंही काहीजण म्हणतात, पण तो प्रत्येक तारखेला येणार का ज्युनिअरला पाठवणार? फी ठोक ठरवावी का तारखेप्रमाणे? आणि सगळ्यात मोठी काळजी म्हणजे दाजी बैठकीत म्हणाले होते, "पोरगी पाच वर्षांची होऊ द्या, मग घेऊन जातो." तेव्हापासून ताईला झोप नाही. कुणी यातून गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद:

दादा, मी अंबाजोगाईची, यातून गेलेली आहे. आधी ताईंची भीती घालवा. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईजवळ असावं, असं १९५६ च्या पालकत्वाच्या कायद्यात आहे. पण पाच पूर्ण झाली म्हणून ताबा आपोआप बापाकडे जात नाही. कोर्ट मुलीचं हित कुठे आहे ते बघतं.

बीडची तारीख चुकवू नका, नाहीतर दावा एकतर्फी चालेल. तिथे वकीलपत्र दाखल करून म्हणणं द्यायला मुदत मागा. फारकतीचा अर्ज बायको राहते तिथे करता येतो आणि ताब्याचा मूल राहतं तिथे, त्यामुळे मुख्य वकील तुमच्या जिल्ह्यातला ठेवा. बीडचा दावा दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग करायचा तर अर्ज हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात करावा लागेल. संभाजीनगरचा वकील लागलाच तर तेवढ्यापुरता.

पैशाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्यानं बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००. फुकटचा वकील लक्ष देत नाही असं लोक म्हणतात, पण माझी केस तिथल्याच मॅडमनी लढवली आणि मनापासून लढवली. खासगी वकील केला तर फी कोणत्या टप्प्याला किती, हे लिहून घ्या. "मिळालेल्या पोटगीत माझा एवढा हिस्सा" म्हणणाऱ्याकडे जाऊच नका, बार कौन्सिलच्या नियमात ते बसत नाही. ई-कोर्ट्सच्या साइटवर वकिलाच्या नावानं केसेस शोधता येतात. तिथे बघा, कौटुंबिक कामं खरंच चालवतात का.

हिंदू विवाह कायद्याच्याच कलम २४ खाली केस चालू असताना पोटगी आणि कोर्टखर्चही मागता येतो. दोघांनाही उत्पन्न-मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं, २०२० पासून सुप्रीम कोर्टाचा तसा निकाल आहे. दाजींचा सातबारा, ऊस जात असेल तर कारखान्याच्या बिलांची माहिती आत्तापासून जमवा.

पुढच्या वकिलाकडे ताईंना आत बोलू द्या, तुम्ही बाहेर थांबा. माझ्या भावासमोर मला निम्मं सांगता आलं नव्हतं. जाताना मुलीचा जन्मदाखला, अंगणवाडीचे कागद आणि नोटिशीची झेरॉक्स न्या.