मदत हवी आहे: धुण्याचा दगड उलटला तर खाली मूर्ती निघाली, सूर्याची आहे का ही?

नमस्कार मंडळी, मी राहतो कोल्हापुरात पण गाव करवीर तालुक्यातच आहे. आमच्या जुन्या विहिरीच्या काठावर एक काळा दगड होता, बायका त्यावर धुणं धुवायच्या, आज्जी म्हणते तिची सासू पण त्याच दगडावर धुवायची म्हणजे किती वर्षं झाली ते बघा. गेल्या आठवड्यात कठडा बांधायला घेतला म्हणून जेसीबीनं तो दगड उचलून बाजूला टाकला, तर पालथा होता तो उताणा पडला आणि खाली देव! जेसीबीवाल्या पोरानं मशीन तिथंच बंद केलं अन् चप्पल काढून खाली उतरला. आज्जी तर दोन दिवस धड जेवली नाही, एवढी वर्षं देवाच्या पाठीवर धुणं आपटलं म्हणून. तिला म्हटलं पाठीवर आपटलंस म्हणून तर तोंड शाबूत राहिलं, पण ऐकेल तर शपथ.

फोटो टाकता येत नाहीये, साईझ मोठी सांगतंय, म्हणून लिहून सांगतो. उंची अडीच फुटाच्या आसपास, उभी मूर्ती, डोक्यावर उंच मुकुट, कानात कुंडलं, डोक्यामागं गोल प्रभावळ. हात दोनच. उजवा कोपरापासून गेलाय, डावा खांद्याकडं वर वळलाय आणि खांद्याच्या बाजूला उमललेलं कमळ आहे, ते लय सुंदर आहे, पाकळी न् पाकळी मोजता येते. खाली दोन्ही बाजूला एकेक बाई धनुष्य ओढून उभी, मी आधी शिकारणी समजलो. पावलं झिजलीत. पायाखाली पट्टीवर घोडे आहेत, तीनांची तोंडं डावीकडं, तीनांची उजवीकडं, मधे नुसता फुटका उंचवटा, आणि त्याच्यावर अर्धाच माणूस, कमरेखाली काही नाही, तुटलाय वाटतं.

आता गोची अशी आहे की घोडा दिसला की आमच्याकडं विषय संपला, जोतिबा! अर्धं गाव चांगभलं करून मोकळं झालं. गुरव म्हणतात विष्णू. मला शाळेत रथसप्तमीला पाटावर काढायचो तो सूर्य आठवला पण त्याला सात घोडे पाहिजेत आणि इथं सहाच भरतात, शिवाय एका मित्रानं सांगितलं सूर्याच्या मूर्तीला पायात बूट असतात, तर इथं बोटं दिसतायत एका पायाची. आपल्याकडं किरणोत्सवाला सगळं कोल्हापूर अंबाबाईच्या देवळात लोटतं पण सूर्याची स्वतःची मूर्ती कशी असते विचारलं तर आपण सगळे गप्प, मी पण.

घाई याच्यासाठी की तरुण मंडळाची पोरं रविवारी ती ॲसिडनं धुऊन ऑइलपेंट मारून पारावर बसवणार आहेत. पोरं चांगली आहेत, वर्गणी पण काढलीये, पण मला भीती वाटायला लागलीये. ही सूर्याचीच का, साफ कशानं करायची आणि सांगायचं कुणाला, कोणी जाणकार असेल तर प्लीज लवकर लिहा.

तांबडापांढरा: जोतिबा नाही भावा. जोतिबाला चार हात, खड्ग डमरू त्रिशूळ अमृतपात्र, आणि घोडा असला तर एक असतोय, सहा कशाला लागतील त्याला. बाकी आज्जीला नमस्कार सांग.

पंचगंगाकाठ: वर्णनावरून सूर्यच आहे. दोनच हात आणि खांद्याजवळ उमललेलं कमळ ही मुख्य खूण, विष्णू असता तर बहुतेक चार हात आणि शंख-चक्र दिसलं असतं. तुमच्या 'शिकारणी' म्हणजे उषा आणि प्रत्यूषा, पहाटेच्या देवी, त्या बाण मारून अंधाराला पळवतायत. बुटाचं म्हणाल तर तो उत्तरेकडचा प्रकार, वराहमिहिर या जुन्या ज्योतिषानं बृहत्संहिता या ग्रंथात सूर्याला उत्तरेकडच्या लोकांचा वेश सांगितलाय, अंगरखा, कमरेला पट्टा वगैरे. दक्षिणेत मात्र सूर्य अनवाणी असतो, त्यामुळं बोटं दिसली म्हणून बाद करू नका. घोडे परत बघा, तीन इकडं तीन तिकडं असले की सातवा मधे समोर तोंड करून असतो, तुमचा फुटका उंचवटा तोच असणार. आणि तो अर्धा माणूस तुटलेला नाही हो! तो अरुण, सूर्याचा सारथी, गरुडाचा थोरला भाऊ. त्यांच्या आईनं, विनतेनं, घाई करून अंडं आधीच फोडलं म्हणून त्याचं खालचं अंग भरलंच नाही, त्याला अनूरु म्हणजे मांड्या नसलेला म्हणतात. शिल्पी मुद्दाम कमरेपर्यंतच घडवतात.

सूर्य आपल्याला परका नाही बरं का. कोकणात कशेळीला कनकादित्य आहे, त्या गावाला शिलाहार घराण्यातला राजा भोज दुसरा याचा शके १११३ म्हणजे सन ११९१ चा ताम्रपट आहे, आणि हे शिलाहार आपलेच, कोल्हापूर-पन्हाळ्याचे.

ॲसिड अजिबात नको, तारेचा ब्रश पण नको, तेल शेंदूर ऑइलपेंट काहीच नको. माती वाळू द्या आणि मऊ ब्रशनं हळू झाडा, बास. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांवरची दगडी मूर्ती येते, तिची नोंद लागते. तलाठ्याला लेखी द्या आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्याला कळवा. पोरांना सांगा, अंबाबाईच्या मूर्तीचं संवर्धन २०१५ ला झालं तेव्हा तिथं पण पुरातत्त्व खात्याची माणसं बोलवावी लागली होती, आपण कोण ॲसिड ओतणारे.

धागाकर्ता: लय आभार. काल संध्याकाळी तुमचं उत्तर मंडळाच्या पोरांना मोठ्यानं वाचून दाखवलं, अंबाबाईचं नाव निघाल्यावर ॲसिडचा कॅन गपचूप परत दुकानात गेला. वर्गणीतनं आता पत्र्याचं शेड करणार आहेत वरती तात्पुरतं. तलाठ्याकडं अर्ज दिलाय, पोच घेतलीये.

आज सकाळी दाढीच्या जुन्या ब्रशनं माती झाडली. मधल्या उंचवट्यावर दोन कान निघाले. म्हणजे सात! आणि त्या अर्ध्या माणसाच्या कमरेखाली बोट फिरवून बघितलं, फुटल्याची खरखर कुठंच नाही, गुळगुळीत तासलंय आणि मुठीत लगाम आहे. आज्जीला अंड्याची गोष्ट सांगितली तर म्हणाली, त्याला पाय नाहीत आणि तो रोज एवढा लांब गाडा हाकतोय, मग मी आजपासनं गुडघ्याचं काय सांगू कुणाला. दुपारी जेवली नीट.