मदत हवी आहे : नवऱ्याच्या कमरेची गादी झिजली आहे, टेम्पो सोडावा का?

मंडळी, जरा घाईतच विचारते आहे. नवऱ्याचं वय ४४. नारायणगावहून वाशी मार्केटला टोमॅटो नेतो, पिकअप स्वतःचा, हप्ते अजून चालू आहेत. कंबर बरेच दिवस कुरकुरत होती. मधूनच उसण भरायची, पडून राहिलं की उतरायची. दिवाळीपासून मात्र घरी आला की केबिनमधून उतरून दार धरून वाकलेलाच उभा राहतो. मग हळूहळू पाठ सरळ होते, तेव्हा कुठे पाऊल पडतं. शिंक येणार असं वाटलं तरी आधी हाताशी येईल ते घट्ट धरतो.

एमआरआयमध्ये लिहिलंय : एल४-एल५ आणि एल५-एस१ (म्हणजे कमरेच्या मणक्यांमधल्या सगळ्यात खालच्या दोन गाद्या) डिस्क डेसिकेशन, एल५-एस१ला बल्ज (गादी बाहेर फुगलेली), नसेवर दाब नाही, आणि खाली ठळक अक्षरात 'डिजनरेटिव्ह डिस्क डिसीज'. एका डॉक्टरांनी स्क्रू-रॉड टाकून मणके जोडायचं ऑपरेशन सुचवलं. दुसऱ्यांनी फिल्म पाहून थोड्या दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि 'चाला, व्यायाम शिका' म्हणाले. सासूबाईंच्या मते आता जन्मभर वजन उचलायचं नाही. दीर म्हणतात टेम्पो विकून टाका.

दुखणं कमरेतच आहे, पायात उतरत नाही. ही झीज भरून येते का? ऑपरेशन करावं का? आणि गाडी सोडावी लागेल का? झोप उडालीय ती या शेवटच्या प्रश्नाने. अमक्याने तमकं तेल लावलं हे कृपया नको, ते घरात भरपूर झालंय.

– ओतूरची_लेक

खडीसाखर : ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. आधी महत्त्वाचं. लघवी अडली किंवा नकळत झाली, संडासच्या जागेभोवती बधिर वाटलं, पाऊल लुळं पडून चप्पल निसटायला लागली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. ताप असेल किंवा कारण नसताना वजन उतरत असेल तरी थांबू नका.

आता रिपोर्ट. वयाबरोबर गादीच्या गाभ्यातलं पाणी कमी होतं आणि एमआरआयवर ती काळी दिसते. डेसिकेशन म्हणजे एवढंच. कंबर अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांवर लोकांच्या स्कॅनचा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात चाळिशीतल्या ६८ टक्के आणि पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या निघाल्या. म्हणून तुमच्या यजमानांचं दुखणं खोटं ठरत नाही, पण फिल्म जितकी काळी तितकं दुखणं जास्त, असा हिशेब बसत नाही. गेलेली गादी भरून येत नाही. दुखणं मात्र बहुतेकांचं बरंच कमी होतं.

तंबाखू, सिगरेट आहे का? गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळपास नसतोच, शेजारच्या मणक्यांतून झिरपेल त्यावर ती जगते. धूम्रपानाने त्यातही खोट येते.

फाळका_उघड : मीही गाडीवालाच, कंबरेचं हेच रडगाणं. गाडी सोडलेली नाही. मागच्या खिशातलं पाकीट आधी काढायला लावा, तासन्‌तास तिरकं बसणं होतं. सीट इतकी पुढे हवी की क्लच पूर्ण दाबताना कंबर सीटवरून सुटू नये. माळशेजने जात असतील तर घाट संपल्यावर उतरून चार पावलं टाकायची, चहा उभ्यानेच. क्रेट २० किलोचा. फाळक्यावरून उचलताना कंबरेतून वळायचं नाही, पाय वळवायचे आणि क्रेट पोटाशी धरायचा.

रविवारचा_पेपर : ऑपरेशनबद्दल. नसेवर दाब नाही, पायात दुखणं नाही, नुसती कंबर, अशा वेळी मी तरी दुसऱ्या डॉक्टरांचं ऐकेन. ब्रिटनमध्ये मणके जोडण्याचं ऑपरेशन आणि व्यायामाचा कसून आखलेला कार्यक्रम यांची तुलना झाली होती. २००५ साली निकाल आला, ऑपरेशन वरचढ असल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. तिथल्या 'नाइस' या सरकारी संस्थेने २०१६च्या मार्गदर्शनात नुसत्या कंबरदुखीसाठी हे ऑपरेशन संशोधनाबाहेर करू नका, असंच सांगितलं. कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन, म्हणजे कंबर ओढून ताण देणं, हेही त्यांनी बाद केलंय. पट्ट्याचे पैसे आधीच गेले असतील तर असो.

ओतूरची_लेक : सगळ्यांचे आभार. सिगरेट नाही, तंबाखू मळतात. पट्टा आणलाय, हो. चालायचं म्हणजे किती? आणि एक सांगायचं राहिलं : वाशीला पहाटे पोचले की नंबर लागेपर्यंत केबिनमध्ये पाय मुडपून झोपतात, हाक आली की उठून माल खाली करायला लागतात. जास्त दुखतं ते त्यानंतरच.

खडीसाखर : हे फार कामाचं सांगितलंत. आडवं असताना गाद्या पाणी शोषून फुगतात. रात्रीच्या झोपेनंतर आपली उंची थोडी वाढलेली असते ती यामुळेच. अशा ताठ गादीवर वाकल्याचा ताण जास्त पडतो, म्हणून उठल्यावर पहिला तासभर वाकून वजन उचलू नये. केबिनमध्ये मुडपून झोपल्याने गादी कितपत फुगते माहीत नाही, पण कंबर आखडलेली असताना २० किलो उचलणं वाईटच. तेवढा वेळ हमाली देऊन टाका. यजमानांनी उतरून मार्केटात एक फेरी मारावी.

चालण्याचं विचाराल तर ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात हळूहळू वाढवत आठवड्याला पाच दिवस, रोज अर्धा तास असं ध्येय दिलं होतं. एकदा बरं वाटल्यावर कंबरदुखी पुन्हा उलटायला त्या गटात साधारण २०८ दिवस लागले, न चालणाऱ्यांत ११२. २०२४ सालचा आहे. तुमच्याकडे आधी दहा मिनिटांनी सुरुवात करा, दुसऱ्या दिवशी दुखणं फार वाढलं नाही तरच वाढवा. व्यायाम मात्र व्हिडिओ बघून नको, त्या दुसऱ्या डॉक्टरांकडून फिजिओसाठी चिठ्ठी घ्या.

टेम्पो विकायचा विषय तीन महिने बाजूला ठेवा. दिरांना माझं नाव सांगा.