ओआरएसमध्ये साखर कशाला?

मिरजकर
आईला (वय ७४, बरीच वर्षं शुगर) गेल्या आठवड्यात जुलाब लागले. घरात ओआरएसची पुडी होती, पण मागे वाचलं तर ग्लुकोज. म्हटलं, ही साखर आईला कशाला पाजायची? अर्धा दिवस नुसतं मीठ-लिंबू-पाणी देत राहिलो. वरून जात होतं, खालून येत होतं. संध्याकाळपर्यंत जीभ कोरडी आणि उभी राहिली की चक्कर. दवाखान्यात डॉक्टर माझ्यावरच उखडले, "साखर काढलीत तर मीठ आत जाणार कसं?" सलाईन लावलं. आता ठणठणीत आहे, खिचडीला नावं ठेवतेय.

पण ते वाक्य डोक्यातून जाईना. लेक अकरावी सायन्सला आहे. तिच्या पुस्तकात पाणी पेशीच्या पटलातून परासरणानं, म्हणजे पातळ द्रावणाकडून घट्ट द्रावणाकडे, आपोआप जातं, ऊर्जा लागत नाही. मग साखरेचा संबंध काय? मी आजवर समजत होतो की ती ताकद यावी म्हणून घालतात. लेक म्हणते, "बाबा, ते परीक्षेला नाही."

निवृत्त मास्तरीण
लेकीला सांगा, आहे परीक्षेला. फक्त तीन धड्यांत वाटून ठेवलंय, म्हणून ओळखू येत नाही.

पुस्तक बरोबरच आहे. पेशीकडे पाणी ओढायचा पंप नाही. ती मीठ हलवते आणि पाणी त्याच्या मागे जातं. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की तासाभरात पातेल्यात पाणी सुटतं, तेच हे. म्हणजे खरा प्रश्न, मीठ आतड्यातून आत कसं जातं?

प्रद्रव्यपटल म्हणजे पेशीभोवतीचा स्निग्ध पदार्थाचा दुहेरी थर. सोडियम विद्युतभारित, त्याला तिथून वाट नाही. दारच लागतं. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना पोकळीच्या बाजूला मखमलीसारखी बारीक लव असते, त्या लवेत एसजीएलटी-१ नावाचं प्रथिन बसलेलं असतं. ते आपल्याकडच्या वडापसारखं, म्हणजे शेअर जीपसारखं, सीटा भरल्याशिवाय हलत नाही. दोन सोडियम आणि एक ग्लुकोज बसले की गाडी सुटणार. तुम्ही नुसते सोडियमच स्टँडवर उभे केलेत. सोडियमला दुसऱ्याही वाटा आहेत, पण जुलाबात त्यातल्या काही मंदावतात. कॉलऱ्यात तर पेशी क्लोराइड बाहेर फेकत सुटते आणि पाणी त्यापाठोपाठ वाहतं. तेव्हाही हे वडाप मात्र चालू असतं.

आता डिझेल कुणाचं? पोकळीत सोडियम भरपूर, पेशीत कमी, म्हणून तो उतारावरून आत येतो आणि ग्लुकोजला ओढून आणतो. पुढच्या दारी एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्च होत नाही. पण आत सोडियम कमी राहतो तो मागच्या, रक्ताकडच्या दारामुळे. तिथला पंप एका एटीपीमागे तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत घेतो. तंतुकणिका, म्हणजे पेशीतली ऊर्जाघरं, रात्रंदिवस राबतात त्यातला मोठा वाटा या पंपाच्या पोटात जातो. तो डेन्मार्कच्या येन्स स्को यांना १९५७ मध्ये खेकड्याच्या पायातल्या चेतांमध्ये (नसांमध्ये) सापडला. नोबेल मिळालं १९९७ ला. मी मालवणची, खेकडा आला म्हणून साल पाठ आहे.

लेकीला एक करायला सांगा. दोन बटाटे, एक कच्चा, एक उकडलेला. दोन्ही कोरून खळग्यात साखरेचं पाणी भरायचं, टाचणीनं खूण करायची आणि ताटलीभर पाण्यात ठेवायचे. उकडल्यावर पटलं फाटतात. पुढचं तिचं तिनं बघावं.

नाईट_ड्युटी
मास्तरीणबाईंनी सांगितलंच. वॉर्डातलं थोडं.

लिटरच्या पुडीत १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. लिटरमध्ये सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही ७५-७५ मिलिमोल (म्हणजे कणांची संख्या सारखी), म्हणून ही पूर्ण पुडी एक लिटर पाण्यातच. लोक अर्धी पुडी ग्लासात ढवळतात, डोकं फिरतं. घट्ट झालं किंवा चवीला साखर वाढवली की आतड्यात उलट पाणी खेचलं जातं आणि जुलाब वाढतात. कोल्ड्रिंकनंही तेच. पुडी नसेल तर लिटरला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चहाचा चमचा, पोह्यांचा नव्हे.

१९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा यांचं पाणी पिंपांत भरून नातेवाइकांकरवी पाजलं. ३० टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू ४ टक्क्यांच्या आत आले.

शुगरवाल्यांनाही जुलाबात ओआरएस देतात, शुगर तपासत राहायची. मिरजकर, आईंच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन आहे का? ती याच वडापच्या मूत्रपिंडातल्या भावाला, एसजीएलटी-२ ला अडवते, साखर लघवीतून जाते आणि सोबत पाणीही. जुलाबात ती चालू ठेवायची का, हे डॉक्टरांनाच विचारा.

मिरजकर
डबा उघडून बघितला, तीच गोळी. डिस्चार्जच्या कागदावर 'जुलाब थांबेपर्यंत बंद' असं लिहिलं होतं, आम्ही पाळलं, पण का ते आत्ता कळलं.

बटाटे सकाळी मांडले. कच्च्याचं पाणी दुपारपर्यंत टाचणीच्या वर आलं, उकडलेल्याचं तिथंच. साखर मुरलेला तो उकडलेला बटाटा लेक टाकून देत होती. आई म्हणाली, "टाकू नका, तुम्ही खा. मला शुगर आहे."