गाडीतलं गाणं: पेनड्राइव्ह की मोबाइल?

घाटवाट
गाडीत ऐकायची गाणी आपल्याकडे फायलींच्या रूपात असावीत आणि पेनड्राइव्हवरून वाजवावीत, या मतावर मी ठाम आहे. हल्ली जो तो ब्लूटूथ जोडतो आणि अ‍ॅपवरून गाणी लावतो. ताम्हिणीत शिरलं की रेंज जाते आणि ऐन तानेत गाणं अडकतं. ३२ जीबीच्या ड्राइव्हवर ३२० केबीपीएसची, म्हणजे उत्तम दर्जाची, एमपीथ्री गाणी दोनशे तासांहून जास्त मावतात. पुण्याहून गोव्याला जाऊन आलात तरी एकही गाणं पुन्हा लागणार नाही. आणि वडिलांच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेल्या घरगुती मैफली कुठल्या अ‍ॅपवर मिळणार आहेत?

निशिगंध
रेंजचा मुद्दा पटला नाही. अ‍ॅपमध्ये गाणी आदल्या रात्री वायफायवर डाउनलोड करून ठेवा, घाटात बिनधास्त वाजतात. पेनड्राइव्हच्या कटकटीबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. ६४ जीबीचा ड्राइव्ह आणला की तो बहुतेक वेळा एक्सफॅट या फॉरमॅटमध्ये (ड्राइव्हवर फायली मांडायची पद्धत) येतो आणि बऱ्याच स्टिरिओंना फॅट३२ हा जुना फॉरमॅट सोडून काही वाचता येत नाही. फायलींना ०१, ०२ असे आकडे दिले नाहीत तर १ नंतर थेट १० वाजतं. देवनागरी नावांच्या जागी तर नुसते चौकोन दिसतात. माझी आई गाडीत बसली की म्हणते, "माणिक वर्मांचं काहीतरी लाव गं." मोबाइलला तोंडी सांगितलं की लागतं. त्या चौकोनांतून कसं शोधायचं?

घाटवाट
निशिगंध ताई, डाउनलोड केलेलं गाणं तुमचं होत नाही. स्पॉटिफायवर उतरवलेली गाणी चालू राहायला ३० दिवसांत एकदा तरी ऑनलाइन यावं लागतं, वर्गणी थांबली की तीही बंद. कंपन्यांचे हक्क बदलले की हौसेनं केलेल्या यादीतलं गाणं एके दिवशी गायब. भाड्याच्या घराला पदरचे पैसे घालून रंग काढण्यासारखं आहे ते. फॉरमॅटचं म्हणाल तर ३२ जीबीचाच ड्राइव्ह घ्या, तो बहुधा फॅट३२ मध्येच येतो. नावं रोमनमध्ये द्या, गायकागणिक फोल्डर करा. एकदाच करायचं काम आहे.

कानसेन
घाटवाट यांच्याशी सहमत, पण माझं कारण आवाजाचं. अ‍ॅपवरचं गाणं बहुधा फाइल लहान व्हावी म्हणून आधीच दाबलेलं असतं. ब्लूटूथनं पाठवताना ते एसबीसी किंवा एएसी या पद्धतीनं आणखी एकदा दाबलं जातं. पेनड्राइव्हवरची फाइल स्टिरिओ स्वतः उलगडतो, मध्ये कुणी नाही. मी तर माझ्या सीड्या फ्लॅकमध्ये, म्हणजे दर्जा न गमावणाऱ्या फॉरमॅटमध्ये, उतरवल्या आहेत. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो गुंजणारा नाद, ब्लूटूथवर बोथट वाटते.

चाकरमानी
कानसेन, घरी शांत खोलीत असेल तसं. ताशी ८० नं गाडी चालली आहे, टायर घरघरतायत, एसी सुरू आहे, त्यात फ्लॅक आणि ३२० मधला फरक कुणाला कळणार? खरी अडचण वेगळीच आहे. विलंबिताचा, म्हणजे संथ लयीतला, आलाप त्या घरघरीत बुडतो, म्हणून आवाज वाढवावा तर जलद लयीतलं द्रुत सुरू झाल्यावर कान फाटतात. त्यावर ना फ्लॅकचा उपाय आहे ना पेनड्राइव्हचा. उलट विलंबित आणि द्रुत वेगवेगळ्या ट्रॅकवर असले तर कित्येक स्टिरिओ दोन फायलींमध्ये क्षणभर थांबतात, ठेका तुटतो. मोबाइलवरचे चांगले प्लेअर ते सलग वाजवतात.

कानसेन
ठेका तुटतो हे मान्य, मलाही ते खुपतं. दोन्ही ट्रॅक जोडून एकच फाइल करणं हा माझा उपाय. कमी-जास्त आवाजासाठी एमपीथ्रीगेन हे सॉफ्टवेअर वापरून पाहा. गाण्याचा दर्जा न बिघडवता फाइलीचीच पातळी बदलतं. द्रुताची फाइल वेगळी असेल तर तेवढीच थोडी खाली आणता येते.

निशिगंध
म्हणजे जोडा, पातळी बदला, नावं द्या! एवढं सगळं एका गाण्यासाठी? त्याच फायली मोबाइलच्या मेमरीत टाका आणि अँड्रॉइड ऑटोला (मोबाइल गाडीच्या पडद्याशी जोडणारी सोय) केबल लावा. आवाज केबलमधून जातो, ब्लूटूथचं दाबणं नाही, तोंडी सांगायची सोयही राहते.

घाटवाट
फायली आपल्या ठेवायच्या हे तुम्हीही धरलंत, त्याचा आनंद आहे. पण मोबाइल गाण्याला जुंपला की फोन आल्यावर गाणं थांबणार आणि गाणं बदलायला हात मोबाइलकडे जाणार. वळणावर मला ते नको. स्टिअरिंगवरचं बटण दाबलं की पुढची फाइल लागते, तेवढंच मला हवं आहे.