शनिवारी गडावर निघणाऱ्यांनो, आधी ब्रेक बघून घ्या

वहिनी (ए-१०१): सप्तशृंगीला शनिवारी पहाटे ५ ला निघायचं नक्की ना? तीन गाड्या आहेत. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी माझ्याकडे.

नाना (बी-२०४): नक्की. पण उद्या संध्याकाळी ६ वाजता तिन्ही गाड्या पार्किंगमध्ये हव्यात. ब्रेक बघायचे आहेत.

भाऊ (बी-३०२): नाना, माझी गाडी रोज धुळे-पारोळा पळते. ब्रेक एकदम ओके.

नाना (बी-२०४): पारोळ्याच्या सपाट रस्त्यावर ब्रेक कितीदा दाबतोस? मालेगाव, देवळा, कळवणपर्यंतही काही जाणवणार नाही. खरी परीक्षा गडावरून नांदुरीला उतरताना. वळणावर वळण आणि गाडीत माणसं भरलेली.
दोन वर्षांपूर्वी माझंच सांगतो. ब्रेक ऑइल चार वर्षं बदललं नव्हतं. चढताना काही नाही. उतरताना पाय सारखा ब्रेकवर. अर्ध्या घाटात जळका वास यायला लागला आणि पुढच्या वळणाआधी पेडल मऊ लागलं, पाय थेट खाली गेला. मागे सून नातवाला मांडीवर घेऊन बसलेली. पेडल भराभर पंप केलं, तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरवर आणली, हँडब्रेक थोडा थोडा ओढत गाडी डोंगराच्या बाजूला लावली. अर्धा तास कुणी कुणाशी बोललं नाही.

आप्पा (ए-००२): खरं से नाना. कन्नडना घाटमा मनी जीप बी अशीच तापनी व्हती.

ताई (सी-१०३): पण नाना, ऑइल जुनं झालं तर ब्रेक का जातात? इंजिन ऑइलसारखं ते जळत तर नाही ना?

नाना (बी-२०४): जळत नाही ताई, हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ४ प्रकारचं ब्रेक ऑइल नवं असताना कमीत कमी २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा भरला की ती हद्द १५५ पर्यंत उतरू शकते. घाटात डिस्क, म्हणजे ब्रेक जिला घासतो ती चाकातली चकती, तापते, ती उष्णता ऑइलला लागते, ते उकळून वाफ होते. ऑइल दाबून आकसत नाही म्हणून ब्रेक लागतो, वाफ मात्र आकसते. मग पायातला जोर चाकापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. नवं ऑइल फिकट पिवळं असतं, माझं निघालं ते काळ्या चहासारखं.

भाऊ (बी-३०२): आत्ता खाली जाऊन काय बघू?

नाना (बी-२०४): इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाब, कडक होईल. तसंच दाबून धर आणि स्टार्टर मार. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा भाग, ठीक. मग इंजिन चालू ठेवून अर्धा मिनिट एकसारखं दाबून धर. हळूहळू खाली सरकत राहिलं तर मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलणारा भाग) किंवा पाइप गळतोय. स्पंजासारखं लागलं तर आत हवा आहे.
बॉनेट उघडून ऑइलची पातळीही बघ. डिस्कला घासणारे पॅड झिजले की ती उतरते. नुसतं भरून मोकळं होऊ नकोस, आधी पॅड बघ. नवा पॅड १० मिमीच्या आसपास असतो, ३ मिमीवर आला की बदलायचा.

वहिनी (ए-१०१): आमची गाडी ब्रेक मारला की डावीकडे ओढते. त्याचं काय?

नाना (बी-२०४): वहिनी, टायरची हवा आधी बघा. ती बरोबर असेल तर एखादं कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) अडकलं असेल. साहेबांना सांगा, हे अंगावर काढायचं नाही.

ताई (सी-१०३): आमची ऑटोमॅटिक आहे. उतरताना गिअर कसा ठेवायचा?

नाना (बी-२०४): एल (लो गिअर) किंवा २ असेल तर त्यावर. ज्यांच्या साध्या गाड्या आहेत त्यांनी चढायला जो गिअर लागला तोच उतरताना. ब्रेक सारखा चोळायचा नाही. वेग वाढला की नीट दाबायचा, कमी झाला की सोडायचा. आणि पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून इंजिन बंद करणारे आपल्याकडे खूप आहेत. हात जोडून सांगतो, असं करू नका. बूस्टरची ताकद एकदोन दाबांत संपते, मग पेडल दगड होतं.

भाऊ (बी-३०२): नाना, खाली जाऊन आलो. स्टार्टर मारल्यावर पेडल खाली गेलं, ते बरोबर. पण दाबून धरलं तर सरकत सरकत पार खाली टेकलं. ऑइलही खालच्या रेघेच्या खाली आहे.

नाना (बी-२०४): मग ती गाडी आता हलवू नकोस. रस्त्यावर काढू नकोस. मिस्त्रीला इथेच बोलावतो, उद्या सकाळी १० पर्यंत येईल.

भाऊ (बी-३०२): काल पोरांना याच गाडीत शाळेत सोडलं हो.

आप्पा (ए-००२): भाऊ, पोरेसले उद्या मी सोडस.

वहिनी (ए-१०१): आमचीही त्याच मिस्त्रीला दाखवू. सामान आलं नाही तर रविवारी निघू. दशम्या मी आदल्या रात्रीच करते.